गाडी महाराष्ट्रात गेली

पुण्यात एका चौकात सिग्नलला उभा होतो. वाहतूक हवालदारांनी बोटानंच गाडी कडेला घ्यायला सांगितली. पट्टा लावलेला होता, फोन खिशात होता, सिग्नलही मोडला नव्हता. ते गाडीच्या पुढं गेले, नंबर वाचला आणि खिडकीशी येऊन हिंदीत म्हणाले, "कहाँ से? बेंगलोर?"

"बेळगाव. मराठीच आहे साहेब."

"मग गाडी कर्नाटकची कशी?"

मागं हॉर्न वाजत असताना या प्रश्नाचं उत्तर कुठून सुरू करायचं? १ नोव्हेंबर १९५६ पासून सुरू केलं असतं तर तिथंच संध्याकाळ झाली असती. मी नुसतं "गाव तिकडं आहे ना" म्हटलं. त्यांनी कागद बघितले, पुण्यात येऊन किती दिवस झाले ते विचारलं. मी खरं ते सांगितलं, दीड वर्ष. "मग बारा महिने कधीच होऊन गेले. नंबर बदलून घ्या," एवढं बोलून त्यांनी सोडलं. पावतीही फाडली नाही. घरी पोचेपर्यंत माझं दोन गोष्टींचं ठरलं होतं. गाडीचा नंबर बदलायचा, आणि ते बाबांना फोनवर न सांगता समोर बसून सांगायचं.

ही २०२४ च्या सुरुवातीची गोष्ट. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हेच चाललेलं असणार. बेळगाव-निपाणीची मुलं पुण्यात, इंदूरची मुंबईत, वडोदऱ्याची ठाण्यात, आणि गाडी मात्र गावच्या पत्त्यावर घेतलेली. सुट्टीत घरी गेलो की कुणी ना कुणी मला हमखास विचारतंच, "आपली गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला परवाना लागतो काय रे?"

नाही लागत. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ४६ व्या कलमाप्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी देशात सगळीकडं नोंदलेलीच धरली जाते. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीला राज्याच्या सीमेवर परवाना लागत नाही. ती भानगड पिवळ्या पाटीच्या, भाड्याच्या गाड्यांची. आपल्याला लागतं ते नेहमीचंच: आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स. हे सगळं डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असलं तरी कायद्यानं चालतं, पण आमच्या चोर्ला घाटासारख्या ठिकाणी रेंज जाते, तेव्हा ॲप आधीच उघडून ठेवा. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. आणि गोव्याहून परत येताना डिकीत बाटल्या आणू नका. तिथं स्वस्त मिळाल्या म्हणून इकडच्या कायद्याला त्याचं काही नसतं, आणि त्या नाक्यांवर डिकी उघडायला लावतातच.

म्हणजे गाडी नेण्यात काही अडचण नाही. अडचण आहे ती ठेवण्यात. ४७ वं कलम म्हणतं की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. यामागचं खरं कारण म्हणजे कर. आपण गाडी घेताना रस्ताकर एकरकमी भरतो, तो त्या राज्याच्या तिजोरीत जातो. मग गाडी दुसऱ्याच राज्यातले रस्ते झिजवायला लागली की ते राज्य म्हणतं, आमचा वाटा कुठं आहे? कर्नाटकाचा हा कर देशातल्या चढ्या करांपैकी. पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के, वर उपकर. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. त्यामुळं बाहेरच्या नंबरच्या गाड्यांवर कर्नाटकाचा डोळा असायचा. २०१४ मध्ये तर तिथं कायदाच बदलला, बाहेरची गाडी तीस दिवसांच्या वर राहिली की आजीवन कर भरा. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं ती दुरुस्ती रद्द केली आणि पुन्हा बारा महिन्यांवर आलं. बंगळुरूत नोकरी करणाऱ्या कितीतरी मराठी मुलांनी त्या दोन वर्षांत टोलच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, गाडी मधून मधून सीमेबाहेर जाऊन येते हे दाखवायला. माझ्या एका मित्राकडं अजून ती पाकिटं आहेत.

मी त्या वेळी बंगळुरूतच होतो, पण मला ती काळजी नव्हती. माझी गाडी केए-२२. २०१६ मध्ये बेळगावात घेतलेली पांढरी स्विफ्ट, निम्मे पैसे माझे आणि निम्मे बाबांचे. बाबांनी स्वतःसाठी आयुष्यभर सायकल आणि नंतर एक स्कूटर, यापलीकडं काही घेतलं नाही. या गाडीच्या निम्म्या पैशांत त्यांचा हिशोब एवढाच होता, की महिन्यातून एकदा आत्याकडं नीट जाता यावं.

बंगळुरूत ही पाटी माझ्याआधी बोलायची. केए-२२ बघून पार्किंगमधला माणूस विचारायचा, "बेळगावी? मराठीना?" मी होय म्हटलं की तो हसायचा, कधी मनापासून, कधी नुसताच. माझं कन्नड बरं आहे, पण पाटी बोलून गेल्यावर माझ्या कन्नडला कोण विचारतो? मग २०२२ मध्ये पुण्यात आलो आणि तीच पाटी उलटं बोलायला लागली. इथं केए म्हणजे कर्नाटक, विषय संपला. २२ कुणी वाचतच नाही. सोसायटीत पहिले सहा महिने मी 'ते साउथचे' होतो. गणपतीत आरती म्हणायला उभा राहिलो तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अय्या, तुम्हाला पाठ आहे?"

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. मग २०२२ चा डिसेंबर आला.

तुम्हाला आठवत असेल. सीमाप्रश्न पुन्हा तापला होता. ६ डिसेंबरला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. दोन्हीकडच्या बस बंद पडल्या. मी त्या आठवड्यात घरून काम घेऊन बेळगावात होतो. आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं.

आत्या बाबांपेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिचं गाव चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात. पण चंदगडच्या माणसाला दवाखाना, कापड, सोनं, कॉलेज यातलं काहीही लागलं तर तो कोल्हापूरला जात नाही, बेळगावला येतो. कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढं, बेळगाव तासाभरावर. आत्याच्या सगळ्या बाळंतपणांपासून ते गुडघ्याच्या दुखण्यापर्यंत सारं बेळगावातच झालं. तिच्या मुलाकडं, म्हणजे माझ्या आतेभावाकडं, गाडी आहे, एमएच-०९. नेहमी तोच तिला आणून सोडतो. त्या बुधवारी रात्री त्याचा फोन आला. "दादा, गाडी घेऊन आत यायचं धाडस होत नाही रे. काच फुटली तर काचेचं काय नाही, पण आई आत बसलेली असणार."

बाबा म्हणाले, "मग आपण जाऊया की आणायला."

मी म्हटलं, "बाबा, शिनोळीच्या पुढं आपली गाडी केए आहे."

बाबा गप्प बसले. हे सांगायला हवं की बाबा म्हणजे कोण. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ते होते, मार खाल्लेला. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची सायकल फेरी त्यांनी वर्षानुवर्षं चुकवली नाही, गुडघे साथ देईपर्यंत. आमच्या घरात कॅलेंडरवर सणांच्या जोडीला ती एक तारीख असायचीच. सायकलीला नंबर नसतो, हे माझ्या तेव्हा कधी लक्षात आलं नव्हतं. त्या माणसाला मी सांगत होतो की महाराष्ट्रात जायचं तर आपल्या गाडीची पाटी आडवी येणार.

शेवटी तोडगा आतेभावानं काढला. तो आत्याला घेऊन शिनोळीपर्यंत येणार, आम्ही बाचीपर्यंत जाणार. बाची हे आमच्या बाजूचं शेवटचं गाव, शिनोळी त्यांच्या बाजूचं पहिलं. ज्यांनी हा वेंगुर्ला रस्ता बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, मध्ये नदी नाही, डोंगर नाही, घाट नाही. शेतं आहेत. डांबराचा रंग बदलतो, पाट्यांवरची लिपी बदलते, आणि पेट्रोलचा दर बदलतो. बस, तेवढीच सीमा.

सकाळी आठला आम्ही निघालो. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा. रस्त्यावर नेहमीची गर्दी, दुधाच्या गाड्या, कामावर जाणाऱ्या मोटारसायकली. दगडफेक सोडाच, कुणी वर बघितलं नाही. बाचीच्या पुढं कडेला गाडी लावली. समोर, शंभर-दीडशे पावलांवर, आतेभावाची गाडी उभी होती. आत्या उतरली आणि चालत यायला लागली. एका डोळ्यानं तिला धूसर दिसायचं, म्हणून आतेभाऊ हाताला धरून होता. त्याच्या दुसऱ्या हातात पिशवी. बाबा पुढं गेले आणि मध्यावर त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. पिशवी माझ्याकडं आली. आत रताळी होती, पाच किलो तरी.

गाडीत बसल्यावर आत्यानं श्वास सोडला आणि विचारलं, "मधीच का उतरवलं रे मला? गाडी बंद पडली काय त्याची?"

तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. बाबा म्हणाले, "होय. बंद पडली."

ऑपरेशन नीट झालं. आत्या आठ दिवस आमच्याकडं राहिली, तोवर बस सुरू झाल्या होत्या. मी त्या आधीच, रविवारी, पुण्याला परतलो. दूधगंगेच्या पुलापर्यंत निवांत होतो, पूल ओलांडून कागलला आलो आणि पाठ ताठ झाली. साताऱ्याजवळ चहाला थांबलो तर गाडी हॉटेलच्या मागं लावली. पुण्यात वॉचमननं आपलेपणानं सांगितलं, "साहेब, चार दिवस नंबर भिंतीकडं करून लावा." मी लावली. मग लक्षात आलं की पाटी मागंही असते.

असं असूनही नंबर बदलायचं मी दीड वर्ष का लांबवलं, याचं उत्तर आळस असं मी स्वतःला देत होतो. हवालदारांनी हटकल्यावर मात्र ते चालेना. खरी गोष्ट ही की मला केए-२२ सोडवत नव्हती. केए नव्हे, २२. महामार्गावर कुठंही, कराडला, लोणावळ्याला, केए-२२ दिसली की मी आत कोण आहे ते बघतो. बहुतेक वेळा ते लोकही बघत असतात. कधी मराठी असतात, कधी कन्नड, पण दोघंही 'गावचा' म्हणून मान हलवतात. एमएच-१२ ला पुण्यात कोण मान हलवणार?

एक मधला मार्गही होता, तो नोकरीनिमित्त फिरणाऱ्या वाचकांनी लक्षात ठेवावा. २०२१ च्या सप्टेंबरपासून बीएच मालिका आली आहे. संरक्षण दलातले, केंद्र-राज्य सरकारचे आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी, आणि ज्या खासगी कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत आहेत तिथले लोक हा नंबर घेऊ शकतात. मग राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो. कर एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा, गाडीच्या किमतीप्रमाणे ८, १० किंवा १२ टक्क्यांच्या हिशोबानं. डिझेलला दोन टक्के जास्त, विजेच्या गाडीला दोन टक्के कमी. २०२२ च्या डिसेंबरपासून जुन्या गाडीलाही तो घेता येतो. कंपनीकडून फॉर्म ६० मिळाला की झालं. माझी कंपनी त्यात बसत होती. मी फोटो बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, "बीएच म्हणजे कुठलं गाव?"

"कुठलंच नाही. भारत."

"मग नको," ते म्हणाले. त्याचं कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तोपर्यंत मी एमएचचं सांगितलेलं नव्हतं. रात्री जेवताना सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल, निम्मी गाडी त्यांची, आता बेळगावच्या नावावरून जाणार. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईकडं बघून म्हणाले, "ऐकलंस काय? आमची गाडी महाराष्ट्रात चाललीय." आणि हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आई म्हणाली, "एवढी वर्षं ओरडून माणसं गेली नाहीत, गाडी तरी जाऊ दे." महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा अजून चालू आहे. आमच्या गाडीचा निकाल सहा महिन्यांत लागला.

त्यातले निम्मे महिने एका चुकीत गेले, तीही सांगतो कारण ती कुणाचीही होऊ शकते. दुसऱ्या राज्यात जायचं तर आधी मूळ आरटीओकडून ना हरकत दाखला लागतो, फॉर्म २८. त्यासाठी अर्ज केला तर कळलं की आरसीवर अजून बँकेचा बोजा आहे. कर्ज २०२१ मध्येच फिटलं होतं, बँकेचं पत्रही मिळालं होतं. मी ते फायलीत लावलं आणि निश्चिंत झालो. पण कर्ज फिटणं आणि आरसीवरून बोजा उतरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी फॉर्म ३५ भरून ते पत्र आरटीओत द्यावं लागतं. माझ्या पत्राची मुदत केव्हाच संपलेली, बँकेच्या शाखेतले लोक बदललेले, नवीन पत्र मिळायला अडीच महिने. मी दिवसभर लोकांच्या डेटाबेसमधल्या असल्याच विसंगती शोधून पगार घेतो, आणि माझ्या स्वतःच्या नोंदीत तीन वर्षं ही पडून होती. तुमचं कर्ज फिटलं असेल तर आजच आरसी काढून बघा.

मी पुण्यात असल्यामुळं बेळगावातल्या खेपा बाबांनी घातल्या. अर्ज कन्नडमध्ये लिहिलेला बरा, असं कुणीतरी सुचवलं. बाबा कन्नड फाडफाड बोलतात, पण लिहायचं म्हणजे अडखळतात. त्यांनी आपल्या जुन्या सहकाऱ्याला गाठलं. हे काका कन्नड, १ नोव्हेंबरला बाबा काळी फीत लावून निघायचे तेव्हा ते लाल-पिवळा झेंडा घेऊन राज्योत्सवाला जायचे, आणि दुसऱ्या दिवशी दोघं एकाच डब्यातलं जेवायचे. काकांनी सुरेख अक्षरात अर्ज लिहून दिला, की सदर वाहन महाराष्ट्र राज्यात नेण्यास ना हरकत मिळावी. लिहून झाल्यावर म्हणाले म्हणे, "बघ, शेवटी मीच तुला तिकडं जायला लिहून दिलं." बाबांनी हे मला फोनवर तीनदा सांगितलं.

दाखला हातात आला की पुढचं सरळ आहे. पुण्यात फॉर्म २७ आणि फॉर्म ३३, पत्त्याचा पुरावा, विमा, पीयूसी, चॅसिस नंबरचा ठसा, आणि गाडी प्रत्यक्ष नेऊन दाखवायची. इथला कर गाडीच्या वयाप्रमाणे उतरलेल्या किमतीवर बसतो, नव्या गाडीएवढा नाही. तिकडं आधी भरलेल्या आजीवन कराचा उरलेल्या वर्षांचा हिस्सा परत मागता येतो, पण नवा नंबर पडल्यावर, आणि मूळ आरटीओकडं. तो अर्ज टाकलाय. हे पैसे येतील तेव्हा येतील, त्या भरवशावर दुसरं काही ठरवू नका. नंबर बदलला की विमा कंपनीला कळवा आणि फास्टॅगही बदलून घ्या, तो गाडीच्या नंबराला जोडलेला असतो. आणि जुन्या आरसीची एक प्रत घरात असू द्या. विमा, चलन, कशासाठी ना कशासाठी जुना नंबर लागतोच.

ऑगस्टमध्ये नवीन पाट्या बसल्या. जुन्या पाट्यांपैकी एक ठेवता येईल का असं मी विचारलं, तर त्या रीतसर जमा कराव्या लागतात असं कळलं. फोटो काढून ठेवला.

गणपतीला गाडी घेऊन घरी निघालो. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, नाके एकामागून एक गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी महाराष्ट्रात बिनधास्त गाडी चालवत होतो. दूधगंगेच्या पुलावर आलो आणि कोगनोळीचा नाका समोर दिसला. हाच तो नाका. २०२१ मध्ये इथं आरटीपीसीआरचा दाखला नसलेल्यांना परत पाठवत होते, कितीतरी लोक लग्नाला, मयताला जाता जाता इथून वळले. तेव्हा मी केए-२२ मधून बंगळुरूकडून यायचो, मला झळ लागली नव्हती. आता फास्टॅगचा आवाज झाला, दांडी वर गेली, आणि मी घराकडं तोंड करून, घरापासून ७५-८० किलोमीटरवर, परराज्यातला झालो. संकेश्वरला चहाला थांबलो. पोऱ्यानं पाटी बघून मराठीत विचारलं, "गोव्याला काय साहेब?"

घरी आईनं नव्या पाट्यांना हळदकुंकू लावलं. बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पुढची पाटी रुमालानं पुसली. "एमएच," असं एकदा मोठ्यानं वाचलं. मग विचारलं, "ही आता इथं ठेवता येत नाही न्हवं? बारा महिन्यांच्या वर?"

"नाही," मी म्हटलं.

"मग त्याच्या आत येत जा," ते म्हणाले आणि आत गेले.

गौरी यायच्या आदल्या दिवशी आत्याला माहेरी आणायला निघालो. हिंडलग्याला हुतात्मा स्मारकाशी बाबांनी नेहमीसारखे हात जोडले. पाऊस भुरभुरत होता, भातशेतं गच्च भरलेली. बाचीजवळ सणाच्या बंदोबस्ताला पोलिस उभे होते, त्यांनी हात केला. काच खाली घेतली. एका पोलिसानं मला कन्नडमध्ये गाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत शेजारून बाबांनी उत्तर दिलं, "इल्ले री, बेळगावी."

त्यांनी वाकून बाबांकडं बघितलं आणि कन्नडमध्येच विचारलं, मग गाडी महाराष्ट्राची कशी?

मला पुण्यातला चौक आठवला. शब्दसुद्धा तेच.

"मगंदु री," बाबा म्हणाले. मुलाची आहे.

पोलिस हसला, जा म्हणाला. डांबराचा रंग बदलला, शिनोळी आली. पाटणे फाट्याला बाबांनी गाडी थांबवायला लावून आत्यासाठी पेढे घेतले. तासाभरात तिच्या दारात होतो. ती तयार होऊन ओट्यावरच बसली होती, डोळ्याला आता स्वच्छ दिसतं तिला, लांबूनच गाडी बघितली तिनं. आतेभावानं पाटी वाचली आणि बाबांना टाळी दिली. आत्याला त्या पाटीचं काही कौतुक नव्हतं. तिनं पिशवी मागच्या सीटवर ठेवली, पदर सावरून बसली आणि मला विचारलं, "दारापतोर नेणार न्हवं रे या खेपेला? का मधी उतरायचं?"

"दारापर्यंत," मी म्हटलं.